पोलिसांच्या गाडीतला समाजसेवक: मनोविकाराच्या आणीबाणीत दार कोणी ठोठवायचे?

जाईजुई

गेली सहा वर्षे मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका शहरात पोलिसांच्या गाडीत बसून काम करते. मी पोलीस नाही. माझे शिक्षण समाजकार्याचे असून तेही मुंबईत झालेले आहे. नियंत्रण कक्षाकडे एखाद्या मनोरुग्णाबद्दल किंवा जीव द्यायला निघालेल्या माणसाबद्दल फोन आला, की एक पोलीस अधिकारी आणि मी असे दोघे मिळून तिथे जातो. इथे या पद्धतीला ‘को-रिस्पॉन्डर’ म्हणतात. आपल्याकडे असे काही व्हावे की नाही, आणि व्हायचे असेल तर कोणत्या रीतीने, यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

मागच्या हिवाळ्यात रात्री दोनच्या सुमारास पन्नाशीचा एक माणूस इमारतीच्या वाहनतळावर बर्फात अनवाणी उभा होता. हातात भाजी चिरायची सुरी होती आणि ‘नळाच्या पाण्यात विष आहे’ असे तो ओरडत होता. माझ्या सहकारी अधिकाऱ्याने दोन गल्ल्या आधीच गाडीवरचे लाल-निळे दिवे बंद केले आणि खांद्यावरच्या वायरलेसचा आवाज अगदी कमी केला. पोचल्यावर तो त्या माणसापासून बऱ्याच अंतरावर, पण त्याच्या नजरेसमोर उभा राहिला. मी पदपथाच्या कडेवर खाली बसले आणि ‘पाय गार पडले असतील, मोजे देऊ का?’ एवढेच विचारले. गाडीत आम्ही मोज्यांचे जोड ठेवतो. पंचेचाळीस मिनिटांनी त्याने सुरी आमच्या गाडीच्या टपावर ठेवली. मोजे मात्र त्याने घेतले नाहीत.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती सांगितली नसती. मी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याने माझ्या तोंडावर दार लावून घेतले. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले. चौथ्या खेपेला त्याने गोळ्यांची बाटली दाखवली आणि त्या घेतल्या की हात थरथरतात, म्हणून आपण त्या सोडल्या, असे सांगितले. या कामात त्या रात्रीच्या पंचेचाळीस मिनिटांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व पुढच्या चार खेपांना आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. लोक गाडीत कोण बसले आहे हे पाहतात, परंतु नंतर पुन्हा कोण जाणार हे सहसा कोणी विचारत नाही.

थोडा इतिहास सांगते. १९८७ मध्ये मेम्फिस शहरात चाकूने स्वतःला जखमा करून घेणाऱ्या एका तरुण मनोरुग्णाला पोलिसांनी गोळ्या घालून मारले. त्यानंतर १९८८ मध्ये तिथे पोलिसांनाच चाळीस तासांचे खास प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती देशभर पसरली. लॉस एंजेलिसमध्ये १९९३ पासून पोलीस आणि मानसिक आरोग्य खात्याचे कर्मचारी जोडीने जाऊ लागले. ओरेगन राज्यातील यूजीन शहराने १९८९ मध्येच वेगळी वाट धरली होती. तिथे ‘व्हाइट बर्ड’ या दवाखान्याच्या ‘काहूट्स’ पथकात एक परिचारिका किंवा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि एक संकट-समुपदेशक असे दोघे जात, पोलीस मुळी नसत. डेन्व्हरमध्ये २०१६ पासून जोडीची पद्धत आहे. जून २०२० मध्ये तिच्या जोडीला ‘स्टार’ नावाची पोलिसांविना फिरणारी गाडीही आली. पहिल्या सहा महिन्यांत त्या गाडीने ७४८ प्रसंग हाताळले आणि त्यांपैकी एकातही अटक झाली नाही. पुढे झालेल्या एका अभ्यासात तिच्या भागांतील किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

हे सगळे वाचून ‘परदेशात ठीक आहे’ असे कोणी म्हणू नये, म्हणून आपल्याकडची एक गोष्ट मुद्दाम सांगते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘स्पेशल सेल’ म्हणतो तो, सुरू केला. घरात मारहाण सोसणारी बाई पोलिसांकडे आली, की तिच्याशी बोलायला तिथेच प्रशिक्षित समाजसेविका बसलेली असे. पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ही कल्पना उचलली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. शिकत असताना मी अशा एका कक्षात क्षेत्रकार्य केले आहे. तिथे मला जे दिसले ते इथल्या कुठल्याही प्रशिक्षणात सापडले नाही. समाजसेविकेचे टेबल पोलिसांच्या इमारतीत होते, पण ती त्यांच्या हाताखाली नव्हती. तिची हजेरी दुसरीकडे लागत होती, म्हणून साहेबांसमोर ‘या बाईंचा जबाब अजून घेतलेला नाही’ असे ती स्पष्ट म्हणू शकत होती.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मनोविकारांसाठी आपल्याला बाहेरून नवे काही आणण्याची गरज नाही. चाळीस वर्षांपूर्वी आपणच घातलेल्या त्या पायावर पुढचे बांधकाम करावे. आपणांस काय वाटते?

---

निवृत्त_फौजदार

ताई, आपण फार महत्त्वाचा विषय काढला आहे. मी पस्तीस वर्षे नोकरी करून उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. एवढ्या काळात मनोरुग्णाशी कसे वागावे याचे एका दिवसाचेही प्रशिक्षण मला मिळाले नाही, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगतो.

२००९ सालची गोष्ट आहे. तालुक्याच्या ठाण्यात मी रात्रपाळीला होतो. एक माउली आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला जीपमधून घेऊन आली. त्याचे हात तिने आपल्याच जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधले होते. त्याने शेजाऱ्याच्या डोक्यात पाटा घातला होता आणि गाव त्याला मारायला उठले होते. गुन्हा नोंदवावा, की दवाखान्यात न्यावे, हेच ठाणे अंमलदाराला कळेना. कोठडीत टाकायला माझे मन धजेना, म्हणून रात्रभर आम्ही त्याला बाकावर बसवले. ती बाई फडक्यातल्या भाकरीचा एकेक तुकडा त्याच्या तोंडात घालत होती. सकाळी ग्रामीण रुग्णालय, मग न्यायालय, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आणि शेवटी भाड्याच्या गाडीने येरवडा. एक हवालदार आणि एक शिपाई दोन दिवस त्यातच गुंतले. गाडीचे भाडे त्या माउलीने दिले. ती गोष्ट आजही माझ्या मनाला लागून आहे.

तेव्हा पोलीस निर्दयी असतात म्हणून असे घडते, असे कृपया समजू नये. त्याला दुसरे काय करावे हेच माहीत नसते, आणि बंदोबस्त, समन्स व आरोपींची ने-आण यांतून ठाण्यात माणसे उरत नाहीत. आपली कल्पना मला पटते. माझे प्रश्न दोनच आहेत. रात्री एक वाजता समाजसेवक कुठून आणायचा? आणि रुग्ण शांत झाल्यावर त्याला न्यायचे कुठे? मनोरुग्णालये राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच ठिकाणी. नंदुरबारच्या माणसाने काय करावे?

---

मुक्ता_सातारा

काकांनी त्या माउलीबद्दल लिहिलेले वाचून मला थांबावे लागले. माझ्या धाकट्या भावाला अकरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, म्हणून दाराच्या आतल्या बाजूने लिहिते.

तीन वर्षांपूर्वी त्याने स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले आणि गॅस सुरू केला. आई बाहेरून दार बडवत होती. रुग्णवाहिकेसाठी फोन केला तर ‘जखम झाली आहे का?’ असे विचारले गेले. नाही म्हटल्यावर ‘मग पोलिसांना कळवा’ असे सांगण्यात आले. पोलीस अर्ध्या तासात आले, हे मी मान्य करते. पण गाडी सायरन वाजवत गल्लीत शिरली, सगळी आळी गॅलऱ्यांत उभी राहिली, आणि एका शिपायाने दाराला लाथ घालत ‘बाहेर ये, नाहीतर फटके देईन’ असा दम भरला. माझ्या भावाला जे आवाज ऐकू येतात ते त्याला वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत, की पोलीस तुला धरायला येणार. त्या दिवशी ते आवाज खरे ठरले. दार तुटले, तो वाचला. मात्र त्यानंतर आठ महिने तो घराबाहेर पडला नाही. कुठेही खाकी रंग दिसला की आजही तो पलंगाखाली शिरतो.

त्या शिपायाबद्दल माझ्या मनात राग नाही. तो विशीतला मुलगा होता, आणि जाताना त्याने माझ्या आईच्या पायांना हात लावला. मला फक्त एवढेच वाटते, की त्याच्या आधी साध्या कपड्यातले एखादे माणूस दाराशी बसले असते आणि भावाला नावाने हाक मारली असती, तर पुढचे आठ महिने वाचले असते. आणि जाईजुईताई, तुम्ही लिहिलेल्या त्या चार खेपांबद्दल म्हणाल तर आमच्याकडे एकही झाली नाही. दुसऱ्या दिवशी फक्त शेजारी आले, चौकशी करायला.

---

वैद्य_वऱ्हाडचे

मी विदर्भातील एका जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ आहे. फौजदारसाहेबांनी सांगितलेली दंडाधिकाऱ्यांची वाट १९८७ च्या कायद्याची होती. आता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू आहे. त्याच्या कलम १०० नुसार मनोविकारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी भटकी व्यक्ती, किंवा मनोविकारामुळे स्वतःला वा इतरांना धोका निर्माण झालेली व्यक्ती पोलिसांनी संरक्षणात घ्यायची असते. संरक्षणात का घेतले, हे तिला किंवा तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे तिच्या वतीने बोलायला ठरवलेल्या व्यक्तीला, सांगायचे असते आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. ‘सरकारी आरोग्य संस्था’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यामुळे थेट येरवडा किंवा नागपूर गाठण्याची सक्ती राहिलेली नाही. तसेच अशा व्यक्तीला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेघर व्यक्ती असेल तर ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच कर्तव्य आहे.

कलम ९४ मुळे आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधीची संमती मिळण्यासारखी असल्यास ती घेऊन, बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे.

थोडक्यात, न्यायचे कुठे याचे कायद्यातले उत्तर ‘जवळच्या सरकारी रुग्णालयात’ असे आहे. व्यवहारात मात्र रात्रपाळीचा तरुण वैद्यकीय अधिकारी पोलिसांसोबत आलेला आरडाओरडा करणारा रुग्ण पाहून घाबरतो आणि ‘वर पाठवा’ असे लिहून मोकळा होतो. प्रशिक्षणाची गरज केवळ पोलिसांना आहे असे समजणे ही आम्हा डॉक्टरांची सोयीस्कर समजूत आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचार समाजसेवकाचे पद आहे. तो आज शिबिरे आणि अहवाल यांत अडकलेला असतो. जाईजुईताई म्हणतात तो माणूस म्हणून आपल्याकडे कागदावर तरी आहे. त्याची आणि पोलीस ठाण्याची गाठ कोणी घालून दिलेली नाही.

---

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य परिचारक आहे. माझे मत काहीसे वेगळे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

इथे २०१३ पासून अनेक पोलीस दलांत ‘स्ट्रीट ट्रायाज’ सुरू झाले, म्हणजे पोलिसांच्या गाडीत मनोविकारांचा अनुभव असलेली परिचारिका. मी स्वतः त्या गाडीत बसलो आहे. तिचा सर्वांत मोठा फायदा असा, की परिचारिकेला रुग्णाची जुनी कागदपत्रे तिथल्या तिथे पाहता येतात. समोरचा माणूस नेहमी असाच बोलतो, की आज काही वेगळे घडले आहे, हे पोलिसाला कळणे शक्य नसते, ते तिला कळते. इथल्या १९८३ च्या कायद्यातील कलम १३६ नुसार पोलीस एखाद्याला ताब्यात घेऊन सुरक्षित जागी नेऊ शकतात. डिसेंबर २०१७ पासून त्याआधी शक्य असेल तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्याचा सल्ला घेणे बंधनकारक झाले, आणि अठरा वर्षांखालील मुलांना या कलमाखाली पोलीस ठाण्यात ठेवण्यास पूर्ण बंदी आली.

परंतु गाडी जसजशी लोकप्रिय होते, तसतसे प्रत्येक दुःख पोलिसांच्याच क्रमांकावर जाऊन पडते. आरोग्य सेवेने रात्रीचे दवाखाने वाढवायचे सोडून ‘पोलिसांबरोबर आमचा माणूस आहेच’ असे म्हणायला सुरुवात केली. शेवटी हंबरसाइडच्या पोलिसांनी २०२० मध्ये ‘योग्य माणसाकडून योग्य काळजी’ या धोरणाखाली, जिथे जिवाला तातडीचा धोका किंवा गुन्हा नाही तिथे आम्ही जाणार नाही, अशी भूमिका घेतली. जुलै २०२३ मध्ये ती राष्ट्रीय पातळीवर करारात आली. पोलीस मागे हटले, पण त्यांची जागा घ्यायला पुरेशी माणसे पुढे आली नाहीत, ही इथल्या अनेक कुटुंबांची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते.

यूजीनच्या ‘काहूट्स’चेही पुढे काय झाले ते सांगायला हवे होते. जगाला उदाहरण म्हणून दाखवली गेलेली ही सेवा पैशांअभावी एप्रिल २०२५ मध्ये यूजीन शहरात बंद पडली. छत्तीस वर्षांची सेवा! म्हणून माझा आग्रह असा आहे, की आधी रात्री उघडे राहणारे दवाखाने हवेत आणि मग गाडी हवी. खाटाच नसतील तर गाडीतला समाजसेवक रुग्णाला गोड शब्दांत समजावून त्याच बंद दारापर्यंत नेईल.

---

जाईजुई

लेस्टरकर, यूजीनबद्दल मी लिहायला हवे होते. ते राहिले ही माझी चूक आहे. तिथल्या ओळखीच्या सहकाऱ्यांसाठी ती बातमी मनाला फार लागली होती, आणि कदाचित म्हणूनच ती टाळली गेली. आपला मूळ मुद्दाही मला मान्य आहे.

तरीही क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. दवाखाने होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर तोपर्यंत मुक्ताच्या दारावर लाथ बसतच राहील. शिवाय माझ्या अनुभवात दहांपैकी बहुतेक प्रसंगी रुग्णाला कुठेही न्यावे लागत नाही. कोणीतरी तासभर बसावे लागते, घरातल्यांना झोप मिळेल अशी व्यवस्था करावी लागते, थांबलेल्या गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतात. त्याला खाट लागत नाही, माणूस लागतो.

फौजदारसाहेब, रात्री एकचा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. प्रत्येक ठाण्यात चोवीस तास समाजसेवक ठेवणे आजच्या घडीला शक्य नाही. मात्र जिल्ह्यासाठी एक माणूस फोनवर उपलब्ध असणे शक्य आहे. १०–१५ मिनिटे बोलून तो पोचलेल्या शिपायाला सांगू शकतो, की सायरन बंद करा, एकानेच बोला, हात धरू नका, बाहेरची गर्दी आधी हटवा. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू आहे. तो मुळात नागरिकांसाठी आहे, पण ११२ च्या नियंत्रण कक्षाशी त्याची थेट जोडणी करून घटनास्थळी उभ्या असलेल्या पोलिसालाच तो सल्ला मिळू लागला, तर गाडी येण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असेल. आणि दिवस उजाडल्यावर ठाण्याच्या डायरीतील ती नोंद समाजसेवकाच्या टेबलावर गेलीच पाहिजे. हा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याला नवे बांधकाम लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून राहीन. हा समाजसेवक पोलीस खात्याचा नोकर असू नये. विशेष कक्षाचा धडा तोच आहे. ज्या दिवशी त्याचा गोपनीय अहवाल ठाणे प्रभारी लिहू लागतील, त्या दिवसापासून तो रुग्णाच्या बाजूने बोलणार नाही.

मुक्ता, तुझ्यासाठी एक सुचवते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ नुसार तुझा भाऊ बरा असताना साध्या कागदावर सही करून तुला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. त्याच्या सोबत एक पानभर माहिती लिहून ठेव: त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने भीती वाटते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर कोण. आम्ही इथे असे पान नियंत्रण कक्षाकडे आधीच ठेवतो आणि त्याचा फार उपयोग होतो. त्यातला मजकूर त्याच्याच शब्दांत असू दे, आणि ते कोणाला दाखवायचे हेही त्यानेच ठरवू दे.

---

निवृत्त_फौजदार

मुक्ता, ते पान तयार झाले की मला निरोप पाठव. मी सातारा जिल्ह्यात आठ वर्षे काढली आहेत आणि माझ्या हाताखाली शिकलेली दोन-तीन पोरे आज तिथे अधिकारी आहेत. मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्यात येईन आणि तुमच्या बीटच्या अंमलदाराशी ओळख करून देईन. साध्या कपड्यात येईन, आणि तुझ्या भावाची हरकत नसेल तरच घरी येईन.

कोठडीत ठेवता येत नाही हे कलम डॉक्टरसाहेबांनी सांगितले ते बरे झाले. २००९ च्या त्या रात्री मला कोणी सांगितले असते की बाकावर बसवलेस ते योग्यच केलेस, तर बरे वाटले असते.

---

मुक्ता_सातारा

चार दिवसांनी लिहीत आहे. भावाला हा धागा वाचून दाखवला. आधी तो उठून गेला. संध्याकाळी स्वतःच वही घेऊन आला. त्याच्या परवानगीने त्याने सांगितलेले जसेच्या तसे इथे देते. नाव तेवढे गाळले आहे.

‘मला घरच्या नावाने हाक मारा, आडनावाने नको. आडनावाने शाळेत मारायचे. पाठीमागून येऊ नका. मी उत्तर दिले नाही तर मला ऐकू येत नाही असे नाही, एका वेळी खूप जण बोलत असतात म्हणून वेळ लागतो. प्रश्न एकच विचारा आणि थांबा. आईला बाहेर काढू नका, ती दिसली पाहिजे. दार मी उघडतो, मला वेळ द्या. टोपी काढली तर बरे. चहा विचारला तरी चालेल, साखर कमी.’

काका, रविवारी तुम्ही आलात तर चालेल, असे तो म्हणाला आहे.